मिद्रे लोवेनब्रीनवरच्या काळ्या खळग्यांच्या नोंदी

२२ जुलै, नी-ऑलेसुंड, स्वालबार्ड (नॉर्वेचा आर्क्टिक द्वीपसमूह)

लाँगयरब्यनहून छोट्या डॉर्नियर विमानाने निघालो आणि पंचवीसेक मिनिटांत उतरलो. धुक्यामुळे सकाळचं उड्डाण संध्याकाळवर गेलं होतं. उतरलो तेव्हा ऊन अगदी दुपारसारखं होतं. ७८ अंश ५५ मिनिटे उत्तर अक्षांश. ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत इथे सूर्य मावळत नाही.

सामान सगळं पोचलं: निर्जंतुक बाटल्या आणि पिशव्या, ०.२ मायक्रॉनचे फिल्टर, मोठ्या सिरिंज, बर्फात रोवायच्या अ‍ॅल्युमिनियमच्या काठ्या, तापमानाचे लॉगर. लॉगर मुद्दाम वायरवाले आणले आहेत. या गावात वायफाय आणि ब्लूटूथ चालत नाही, फोनही विमान मोडवर ठेवावा लागतो, कारण इथल्या भूमापन वेधशाळेच्या अँटेना क्वेझार या अतिदूरच्या तेजस्वी खगोलांकडून येणारे अतिक्षीण रेडिओसंकेत टिपतात. घरी बोलायचं तर तारेचा फोन.

मुक्काम ‘हिमाद्री’त. भारताचं हे आर्क्टिक केंद्र १ जुलै २००८ रोजी सुरू झालं आणि ते चालवते आमच्या गोव्यातल्या वास्कोची, हेडलँड सड्यावरची राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र ही संस्था. सड्यावर याच महिन्यात पावसाने कपडे वाळत नाहीत. इथे हवा इतकी कोरडी की पहिल्याच दिवशी ओठ फुटले.

प्रकल्पाचा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते, म्हणजे कामाच्या गर्दीत तो हरवणार नाही. हिमनदीच्या उघड्या बर्फावर गडद गाळाने भरलेले छोटे खळगे असतात. त्या गाळाला क्रायोकोनाइट म्हणतात. स्वच्छ उन्हात खळगे खोल होतात, ढगाळ हवेत उथळ होतात आणि जोरदार पावसात कधी कधी पुरते धुऊन जातात. एवढं भौतिकशास्त्राने नीट समजावलेलं आहे. आम्हाला पाहायचं आहे ते त्यापुढचं: खळगा मोडला म्हणजे त्यातली सूक्ष्मजीवांची वस्तीही मोडते का?

२४ जुलै

बंदुकीचं प्रशिक्षण झालं. गावाबाहेर पाऊल टाकायचं तर गटात एकाकडे तरी रायफल आणि सिग्नल पिस्तूल हवंच, ध्रुवीय अस्वलांसाठी. अस्वल लांबूनच दिसावं, त्याने त्याच्या वाटेने जावं आणि गोळी कधीच उडू नये, हे शिकवणाऱ्याने पुनःपुन्हा बजावलं. बरं वाटलं.

२६ जुलै, हिमनदीवर

गावाच्या हद्दीत आर्क्टिक सुरय पक्ष्यांची घरटी आहेत. पिल्लं लहान आहेत, त्यामुळे मोठे पक्षी थेट डोक्यावर झेपावतात. डोक्यापेक्षा उंच काठी धरून चालायचं, ते काठीच्या टोकावर चोच मारतात. पुढे वितळपाण्याचे ओहोळ गमबुटांनी ओलांडायचे, मग हिमोढाची दगडमाती, आणि मग एकदम बर्फ.

मिद्रे लोवेनब्रीन ही लहानशी हिमनदी आहे, पण तिच्याबद्दलची माहिती मोठी. १९६८पासून दरवर्षी तिच्या बर्फाचा जमाखर्च मोजला जातो. शेजारच्या ऑस्ट्रे ब्रॉगरब्रीनचा तर १९६७पासून. दोन्ही वह्यांत खर्चाची बाजू जड आहे.

लांबून पाहिलं तर बर्फ मळकट दिसतो. वाकून पाहिलं की मळ सारखा पसरलेला नसून ठिपक्याठिपक्यांनी बसला आहे हे कळतं. प्रत्येक ठिपका म्हणजे उभ्या भिंतींचा गोल खळगा, वर स्वच्छ पाणी आणि तळाशी काळपट-तपकिरी गाळाचा पातळ, सपाट थर. गडद गाळ ऊन शोषतो, खालचा बर्फ वितळवतो आणि हळूहळू खाली उतरतो. जितका खोल जाईल तितकं ऊन कमी पोचतं. मग एका खोलीवर खळग्याचा तळ आणि भोवतालचा पृष्ठभाग सारख्याच वेगाने वितळू लागतात आणि खळगा तिथे स्थिरावतो. यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. खळग्यात जास्तीचा गाळ वाहून आला तर थर जाड होत नाही. खळग्याच्या कडा वितळून तो रुंद होतो आणि गाळ पुन्हा पातळ पसरतो. तळातल्या जवळजवळ प्रत्येक कणाला ऊन मिळत राहतं. प्रकाशावर जगणाऱ्यांसाठी यापेक्षा चांगली सोय कोणी मुद्दाम बसूनही आखली नसती.

काठ्या रोवल्या. खळग्यांवर खूण करता येत नाही, म्हणून दोन काठ्यांपासूनची अंतरं टेपने मोजून प्रत्येकाची जागा टिपली. खोली पट्टीने, पाण्याचं तापमान लॉगरने. पाणी शून्याच्या वर जेमतेम अंशाचा दहावा भाग. नमुना घेताना सिरिंजची नळी तळाला टेकवून अलगद ओढायची. घाई केली की गाळ उसळतो आणि थराची रचना हातची जाते.

प्रत्येक फेरीत एक कोरी बाटलीही भरतो: निर्जंतुक पाणी हिमनदीवर न्यायचं, तिथे बाटली उघडायची, बाकीच्या नमुन्यांसारखंच सगळं करायचं. एका मिलिलिटर हिमनदीच्या बर्फात पेशी असतात साधारण हजार ते लाख. आपल्या बोटावर, कपड्यांवर, श्वासात असतात त्यापुढे हा आकडा किरकोळच. कोरी बाटली नसेल तर जे सापडलं ते बर्फातलं की माझ्या हातमोज्यावरचं, हे सांगायला काहीच आधार उरत नाही.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ध्रुवीय संशोधक नोर्डेनशिओल्डचा विषय निघाला. १८७०मध्ये तो ग्रीनलंडच्या बर्फावर गेला होता. हे खळगे त्याने पाहिले, क्रायोकोनाइट हे नाव दिलं आणि ही धूळ अंतराळातून पडते असा तर्क केला. तो तर्क टिकला नाही. खनिजं बहुतेक आसपासच्या डोंगरांची आणि वाऱ्याने आणलेली. पण त्याच्याबरोबर बेर्गरेन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता आणि त्याने त्याच बर्फावर जिवंत शैवाल ओळखलं. रंगीत शैवालामुळे बर्फ जास्त वितळतो, ही गोष्ट त्या प्रवासातच ध्यानात आली होती. दीडशे वर्षं होऊन गेली.

२९ जुलै, प्रयोगशाळा

आजचा दिवस एका कणापाशी गेला आणि मला त्याची मुळीच खंत नाही.

गाळ म्हणून जे दिसतं ते भिंगाखाली सुटी माती नाही. ते गोलसर दाणे आहेत, एखाद-दोन मिलिमीटरचे. पातळ सुईने दाबला तर दाणा दबतो आणि सोडला की थोडा परत फुगतो. पेट्री डिशमध्ये हलवला तरी फुटत नाही. मग हिरव्या प्रकाशाखाली फ्लुओरोसन्स मायक्रोस्कोपमध्ये ठेवला आणि कारण समोर आलं: दाण्याच्या अंगभर लाल चमकणारे बारीक तंतू, एकमेकांत गुंतलेले, खनिजांच्या कणांना वेढे घालून बसलेले. हे सायनोबॅक्टेरिया. आर्क्टिकच्या क्रायोकोनाइटमध्ये बहुतेक ठिकाणी हे बांधकाम फॉर्मिडेस्मिस प्रिस्टलेयी नावाच्या जातीकडे असतं. आपल्याकडचे तेच आहेत का ते डीएनए सांगेल, पण तंतूंची जाडी आणि ठेवण तशीच आहे.

तंतू नुसते गुंतत नाहीत, ते चिकट शर्करा बाहेर सोडतात. राजगिऱ्याच्या लाडवात गुळाचा पाक जे काम करतो तेच इथे ही शर्करा करते. वाऱ्याने आलेला कण चिकटला की सुटत नाही, दाणा वाढत जातो. बाहेरच्या थरात प्रकाश मिळतो म्हणून तिथे प्रकाशसंश्लेषण. आतल्या भागात अंधार, आणि मोठ्या दाण्यांच्या गाभ्यात प्राणवायूही कमी. तिथे वेगळे जीवाणू, बाहेरच्यांनी बनवलेल्या आणि मेलेल्या पेशींमधल्या सेंद्रिय द्रव्यावर जगणारे. दाण्याचा काळा रंग केवळ खनिजांचा नाही. कुजून उरलेलं ह्युमिक द्रव्य त्यात मोठा वाटा उचलतं.

म्हणजे गडद रंग जिवांनी तयार केला, त्या रंगाने ऊन धरलं, उन्हाने खळगा केला आणि खळग्यात पाणी राहिलं. राहायची जागा त्यांनी स्वतःच घडवली आहे. हिमनदीवरच्या जीवनाबद्दल बोलताना आपण ‘टिकून राहणं’ हेच क्रियापद वापरत असतो. मला ते अपुरं वाटतं.

डॅपी या डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाने रंगवून सुट्या पेशीही मोजायला घेतल्या. तक्ता वेगळ्या वहीत.

१ ऑगस्ट

स्वच्छ ऊन, वारा जवळजवळ नाही. प्रकाशसंश्लेषणाचं मोजमाप सुरू. जुनी, भरवशाची पद्धत: एक पारदर्शक बाटली, एक काळ्या आवरणाची, दोन्हींत सारखा गाळ आणि त्याच खळग्याचं पाणी. बाटल्या पुन्हा खळग्यातच ठेवायच्या, म्हणजे तापमान आणि ऊन जसंच्या तसं. चोवीस तासांनी विरघळलेला प्राणवायू मोजायचा. काळ्या बाटलीत तो घटतो ते श्वसन. पारदर्शक बाटलीत जे घडतं ती जमा आणि खर्च मिळून येणारी बाकी.

पातळ थराच्या बाटल्यांत बाकी जमेची आली. ज्या बाटलीत मुद्दाम जाड थर घातला होता तिथे खर्चाची. इतर आर्क्टिक हिमनद्यांवरही हेच दिसलेलं आहे: थर काही मिलिमीटरच्या पुढे गेला की खालचे दाणे सावलीत जातात आणि श्वसन वरचढ होतं. खळगा रुंद होऊन थर पातळ ठेवतो, या गोष्टीला त्यामुळे आणखी वजन येतं.

जगभरच्या हिमनद्यांवर (मोठ्या हिमस्तरांना वगळून) क्रायोकोनाइट वर्षाला सुमारे ६४ हजार टनांपर्यंत कार्बन बांधत असावं, असा अंदाज २००९मध्ये मांडला गेला होता. समुद्रांच्या तुलनेत हे काहीच नाही. पण ज्या जागेला नकाशावर पांढरा रंग देऊन आपण मोकळे होतो, तिथलं हे काम आहे.

३ ऑगस्ट

वरच्या भागात अजून हिवाळी बर्फाचे तुकडे शिल्लक आहेत. त्यातल्या एकावर गुलाबी-लाल पट्टे. बुटाने दाबलं की रंग गडद होतो.

हे हिमशैवाल. वसंतात ओल्या बर्फकणांमधल्या पाण्यात ते हिरवं असतं, शेपट्यांनी पोहत प्रकाशाकडे वर येतं, आणि मग जाड भिंतीच्या गोल पेशीत बंद होऊन लाल होतं. लाल रंग अ‍ॅस्टॅझँथिन या रंगद्रव्याचा. तीव्र उन्हापासून ते पेशीचं रक्षण करतं. वर्षानुवर्षं याला क्लॅमिडोमोनास निव्हॅलिस म्हणत आले. २०१९मध्ये लाल बर्फातल्या एका सर्वदूर आढळणाऱ्या जातीला सँग्विना निव्हॅलॉइडिस हे नाव मिळालं, दोन्ही ध्रुवप्रदेशांत आणि उंच पर्वतांत आढळणारी ती हीच. १८१८मध्ये जॉन रॉसच्या मोहिमेने वायव्य ग्रीनलंडच्या कड्यांवर असाच लाल बर्फ पाहून बाटल्यांतून इंग्लंडला नेला. कोणाला ते उल्केचं लोखंड वाटलं. रॉबर्ट ब्राउनने, ज्याच्या नावाने आपण ‘ब्राउनियन गती’ शिकतो त्याने, ती शैवालासारखी वनस्पती असल्याचं मत दिलं.

रात्री आईला फोन केला. लाल बर्फाचं सांगितलं तर तिला ते पटेना.

“अगं, बर्फात कसला जीव? फ्रीजरमध्ये ठेवतो ते टिकावं म्हणूनच ना?”

“आई, सुंगटं (कोळंबी) शिजली की लाल होतात ना? तोच रंग आहे हा. कच्च्या सुंगटात तो प्रथिनाला बांधलेला असतो म्हणून निळसर-करडा दिसतो, उष्णतेने सुटतो आणि लाल दिसतो. आणि सुंगटाला तो मिळतो शेवटी शैवालाकडूनच.”

थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, “मग जेवलीस का तू आज नीट?”

५ ते ८ ऑगस्ट

पाऊस. पहिल्या दिवशी जोराचा, मग रिमझिम आणि वारा. हिमनदीवर जाणं नाही. फिल्टर करायचं राहिलेलं सगळं संपवलं आणि वाचन केलं.

वाचताना हिमालयाकडे मन ओढलं. १९८४मध्ये शिरो कोहशिमा यांनी नेपाळमधल्या लांगटांगच्या याला हिमनदीवर आखूड पंखांच्या, न उडणाऱ्या चिलटाची एक जात सापडल्याचं जाहीर केलं. ते चिलट उणे १६ अंशांतही बर्फावर चालतं आणि त्याच्या अळ्या हिमनदीवरचेच सूक्ष्मजीव खाऊन वाढतात. म्हणजे हिमनदीवर पूर्ण अन्नसाखळी आहे, हे ज्या कामांनी ठामपणे दाखवलं त्यातलं एक महत्त्वाचं काम आपल्या शेजारचं आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेण्वीय जीवशास्त्राच्या संस्थेत एस. शिवाजी यांच्या गटाने हिमाचलच्या हामटा हिमनदीतून एक्झिग्युओबॅक्टेरियम इंडिकम हा थंडीप्रिय जीवाणू वेगळा करून २००६मध्ये त्याचं वर्णन छापलं. पिंडारी हिमनदी आणि रूपकुंडच्या परिसरातूनही त्यांनी नव्या जाती दिल्या. तरीही हिमालयातल्या बहुतेक हिमनद्यांच्या पृष्ठभागावर कोण राहतं याची साधी यादीसुद्धा आपल्याकडे नाही. या गोष्टीची मला मनापासून टोचणी आहे. हिमाद्रीत शिकलेली पद्धत स्पितीत वापरायची, हे मी स्वतःपुरतं ठरवून टाकलं आहे. चंद्रा नदीच्या खोऱ्यात सुत्री ढाका इथे आमच्याच संस्थेचं ‘हिमांश’ केंद्र २०१६पासून आहे.

बर्फाच्या आत खोलवरचं वेगळंच. बर्फाचे स्फटिक एकमेकांना भिडतात तिथल्या सांध्यांत क्षार आणि आम्लं साठतात, त्यामुळे तिथलं पाणी शून्याच्या बरंच खालीही द्रव राहू शकतं. त्या केसाहून बारीक वाहिन्यांत जीवाणू जगू शकतील, हे बुफर्ड प्राइस यांनी २०००मध्ये मांडलं. आणि अंटार्क्टिकात २०१३च्या जानेवारीत सुमारे ८०० मीटर बर्फ भेदून व्हिलन्स सरोवराचं पाणी वर काढलं तेव्हा त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये एक लाख तीस हजारांच्या आसपास पेशी होत्या. तिथे ऊन नाही. खडकांतल्या आणि जुन्या गाळातल्या रसायनांवर त्यांचं चालतं.

९ ऑगस्ट, पावसानंतर

काठ्या जागेवर, खळगे नाहीत.

म्हणजे अगदीच नाहीत असं नाही. पावसाने आणि उबदार वाऱ्याने सगळा पृष्ठभाग एकसारखा खाली वितळला, त्यामुळे खळग्यांच्या भिंतीच उरल्या नाहीत. ऊन असतं तेव्हा पृष्ठभागाखालचा बर्फही आतून पोकळ होत जातो आणि वर एक सच्छिद्र कवच बनतं. तेही गेलं आहे. बर्फ निळसर, टणक, गुळगुळीत. चालताना लोखंडी काट्यांशिवाय उभं राहवेना. काही खळग्यांच्या जागी फिकट डाग, काहींच्या जागी काहीच नाही. खालच्या उताराला, पाण्याच्या ओघळांच्या कडेने, काळे पट्टे.

त्या पट्ट्यांतून आणि ओघळाच्या पाण्यातून नमुने घेतले. पाणी गढूळ आहे, बारीक करडा गाळ वाहतो आहे.

रात्री दीड वाजेपर्यंत मायक्रोस्कोपवर बसले. ऊन होतंच. ओघळाच्या पाण्यात सापडलं ते बहुतांशी सुटं बारीक खनिज, तुटलेले तंतू आणि सुट्या पेशी. पट्ट्यांमध्ये मात्र दाणे होते. अख्खे, गोल, लाल चमकणारे. सुईने दाबले तर तसेच दबणारे.

१४ ऑगस्ट

आकाश निवळून काही दिवस झाले. पट्ट्यांच्या जागी आता छोट्या खड्ड्यांची रांग लागली आहे, बोटभर खोल. गाळ हळूहळू वेगवेगळ्या खळग्यांत वाटला जातो आहे. प्रकाश-काळोख बाटल्या पुन्हा लावल्या. विस्थापित दाण्यांची बाकी जमेची आली, आधीच्यापेक्षा थोडी कमी, पण जमेची.

आता जे म्हणावंसं वाटतं ते जपून लिहिते, कारण ही एका हिमनदीवरची, एका उन्हाळ्यातली गोष्ट आहे. खळगा ही या वस्तीची कायमची जागा दिसत नाही. वस्ती दाण्यात आहे. पाऊस सुट्या पेशींना ओढून नेतो, दाण्याला फक्त हलवतो. चिकट शर्करा आणि तंतू यांची किंमत इथे कळते: ज्या पृष्ठभागावर आठवड्यात घर मोडू शकतं, तिथे घर अंगावर घेऊन हलणारेच स्थिरावतात. याचा अर्थ असाही की ‘अमुक खळग्यात अमुक जाती’ अशी तुलना करणारे आमचे जुने तक्ते पुन्हा तपासायला हवेत. नमुन्याचा घटक खळगा धरायचा की दाण्यांचा आकार? मार्गदर्शक मॅडमना गोव्याला सविस्तर मेल पाठवली.

खळग्यांच्या मधल्या बर्फाकडेही आज पाहिलं. तो जांभळट-तपकिरी आहे, पण धुळीने नव्हे. अँसिलोनेमा हे शैवाल: नळीसारख्या पेशींची छोटी माळ. तिच्या पेशीत परप्युरोगॅलिन जातीचं तपकिरी रंगद्रव्य भरलेलं असतं; ते हरितद्रव्यावर सावली धरतं आणि शोषलेल्या उन्हाने भोवती थोडं पाणीही करतं. हिमशैवालासारखी जाड भिंतीची विश्रांती-पेशी हे शैवाल बनवत नाही. साध्याच पेशी हिवाळाभर गोठून राहतात आणि वितळल्यावर पुन्हा वाढू लागतात. याचं कूळ जमिनीवरच्या सगळ्या वनस्पतींच्या अगदी जवळच्या शैवालांचं आहे. आंब्याचे आणि भाताचे हे दूरचे चुलत. एका जातीला नोर्डेनशिओल्डचं नाव बेर्गरेननेच दिलं आहे.

१८ ऑगस्ट

टार्डिग्रेड! आठ पायांचा, पारदर्शक, दाण्याला मिठी मारून संथ चालणारा. तोंडातल्या सुयांनी पेशी भोसकून आतलं द्रव्य ओढून घेतो. शेजारी रोटिफर, डोक्यावरचं केसांचं चक्र फिरवत. या खळग्यांतले सर्वांत मोठे खाणारे हेच दोघे. स्टेशनातले सगळे रांगेने येऊन पाहून गेले, स्वयंपाकघरातली दोघंही.

कोणीतरी विचारलं, हे गोठल्यावर मरत नाहीत का. अंटार्क्टिकातली शेवाळाची १९८३ साली गोठवलेली जुडी जपानी शास्त्रज्ञांनी तीसहून अधिक वर्षांनी सोडवली तेव्हा तिच्यातला टार्डिग्रेड चालू लागला आणि त्याने अंडीही घातली. सैबेरियाच्या गोठलेल्या मातीतून सुमारे २४ हजार वर्षांपूर्वीचा रोटिफर जागा झाल्याचं २०२१मध्ये प्रसिद्ध झालं.

मग चर्चा वितळण्यावर गेली. एका सहकाऱ्याचं म्हणणं, मग बर्फ हेच जीव वितळवत आहेत ना? आकडे आहेत. आर्क्टिकमधल्या २१ हिमनद्यांवरच्या लाल बर्फाच्या अभ्यासात (२०१६) वितळण्याच्या मोसमात परावर्तन १३ टक्क्यांपर्यंत घटल्याचं आढळलं. ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य भागात २०१७च्या उन्हाळ्यात वाहून गेलेल्या पाण्यापैकी १० ते १३ टक्क्यांचं कारण बर्फावरचं शैवाल होतं, असं गणित २०२०मध्ये आलं. हे परिणाम खरे आहेत आणि हवामानाच्या प्रतिमानांत ते धरलेच पाहिजेत. पण दोष त्यांच्या माथी मारणं मला मान्य नाही. हे शैवाल हजारो वर्षं बर्फावर आहे. १९७९पासून आर्क्टिक पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलं, ते शैवालाने तापवलेलं नाही. तापल्यामुळे उघडा, ओला बर्फ लवकर मिळतो आणि जास्त दिवस मिळतो, म्हणून ते जास्त वाढतं आणि मग वितळण्यात भर टाकतं. क्रम हा आहे, आणि लिहिताना तो उलटा होऊ देऊ नये.

२३ ऑगस्ट

हिमनदीच्या तोंडापुढची मोकळी जमीन. बर्फ मागे हटत गेला तशी ही उघडी पडत गेली, त्यामुळे तोंडापासून दूर जाऊ तितकी जमीन जुनी. अगदी जवळ नुसते दगड आणि ओला गाळ. थोडं पुढे मातीवर काळसर पापुद्रा. त्याहून पुढे शेवाळ आणि जांभळ्या सॅक्सिफ्रेजचे गुच्छ. काळसर पापुद्र्यात पुन्हा सायनोबॅक्टेरियाचे तंतू. हिमनदीवरून धुऊन आलेले दाणे इथे रुजतात का, हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. नमुने घेऊन ठेवले, पुढच्या प्रस्तावासाठी.

२७ ऑगस्ट

आवराआवर. डीएनएचे फिल्टर उणे ८०मधून कोरड्या बर्फात (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये). जिवंत दाण्यांच्या थोड्या बाटल्या ४ अंशांवर, अंधारात. कोऱ्या बाटल्या नमुन्यांच्याच खोक्यात, वेगळ्या नव्हे: प्रवासातही त्यांनी तेच भोगायला हवं. प्रत्येक खोक्यात तापमानाचा लॉगर. काठ्या उपटून आणल्या. बर्फावर आमचं काही राहिलेलं नाही.

१९ सप्टेंबर, वास्को

खोकी आली. लॉगरच्या आलेखात कुठेही खिंडार नाही. कोरडा बर्फ वाटेत पुन्हा भरला गेला होता. जिवंत बाटल्यांतले दाणे अजून लाल चमकतात.

डीएनए काढायला सुरुवात कोऱ्या बाटल्यांपासून केली. त्यांतून जे काही येईल, तेवढं प्रत्येक नमुन्याच्या यादीतून बाजूला काढायचं आहे. मॅडमशी बोलून मांडणी बदलली: पावसाआधीचे आणि नंतरचे नमुने आता खळग्यांनुसार न लावता चाळणीने तीन आकारांत वेगळे करतोय. अर्ध्या मिलिमीटरखालचे, त्या आणि एक मिलिमीटरच्या मधले, आणि मोठे. प्रत्येक आकारातून जीवाणूंची ओळख पटवणाऱ्या १६एस जनुकाचं वाचन होईल. लहान दाण्यांत पावसानंतर बदल दिसला आणि मोठ्यांत दिसला नाही, तर १४ ऑगस्टला जे लिहिलं त्याला पहिला ठोस आधार मिळेल. तसं दिसलं नाही, तर दाणा टिकतो पण आतले रहिवासी बदलतात, असा अर्थ निघेल, आणि मग बाहेरचा थर आणि गाभा वेगळे करून पाहावं लागेल. त्यासाठी मोठे दाणे वेगळे काढून उणे ८०मध्ये ठेवले आहेत, प्रत्येक स्वतंत्र कुपीत.

स्पितीच्या प्रस्तावाचा पहिला मसुदा मॅडमकडे गेला. त्यात काळ्या आवरणाच्या बाटल्या जास्त मागितल्या आहेत.